प्लाझ्मा टीव्ही चालू होऊन चार सेकंदांत बंद: पॅनल गेलं की बोर्ड?

पेठकरी
तालमीतला ४२ इंची प्लाझ्मा आहे, २०१० च्या आसपासचा. रिमोट दाबला की रिले टक करतो, पडद्यावर कधी निळसर झलक येते, तीन-चार सेकंदांत दुसरी टक आणि परत लाल दिवा. आवाज अजिबात येत नाही. झाकण काढून बघितलं: कॅपॅसिटर एकही फुगलेला नाही, जळकट वास नाही, काच तडकलेली नाही. स्टँडबायचे ५ व्होल्ट बरोबर मिळतात. बघायला आलेले मिस्त्री म्हणाले, पॅनल गेलं, भंगारात घाला. बोर्डांवर वाय-सस, झेड-सस असं छापलंय. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आलाय. पॅनल खरंच गेलंय हे ठरवायचं कसं?

सोल्डरवाला
काच शाबूत आहे तर पॅनलचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. तुम्ही सांगताय ती लक्षणं व्हीएस लाइन शॉर्ट असल्याची आहेत. सप्लाय साधारण २०० व्होल्टचा व्हीएस तयार करायला जातो, पुढं वाय-सस किंवा झेड-सस (काचेला हाय-व्होल्टेज पल्स देणारे बोर्ड) यांपैकी कुठलातरी तो जमिनीला ओढतो, सप्लाय प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला बंद करतो.

आधी जीव सांभाळा. प्लग काढल्यावरही सप्लायवरच्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट राहू शकतात. २ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर त्याच्या दोन्ही पायांवर दहा सेकंद धरा आणि मग मीटरनं खात्री करा. एक पाय आणि चेसिस असं धरू नका, त्या बाजूचं ग्राउंड चेसिसपासून वेगळं असतं. स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करायची सवय असेल तर आजच सोडा. व्हीएसचे कॅपॅसिटरही तसेच रिकामे करा.

आता प्लग काढलेलाच ठेवून मोजायचं. सप्लायकडून वाय-सस आणि झेड-ससला जाणाऱ्या व्हीएसच्या केबल काढा. मीटर डायोड रेंजला, काळी प्रोब चेसिसला, लाल प्रोब बोर्डाच्या व्हीएस पिनला. चांगल्या बोर्डावर आकडा चढत चढत ओपन होतो. शॉर्ट बोर्डावर ०.००च्या आसपास अडकतो आणि बीप वाजते, प्रोब उलट केल्या तरी तेच. सप्लायची स्वतःची व्हीएस पिनही अशीच तपासा, म्हणजे तिन्हींपैकी दोषी कोण ते कळेल.

व्हीएसचा फ्यूजही बघा. फ्यूज उडाला असता तर शॉर्ट सप्लायपासून तुटला असता. मग बहुतेक वेळा टीव्ही चालू राहतो, आवाज येतो, पडदा मात्र काळा. तुमचा सेट बंद पडतोय, म्हणजे फ्यूज शाबूत असून शॉर्ट त्याच्या पुढं, बोर्डावर आहे असा माझा अंदाज.

बफरतज्ज्ञ
वर सांगितलंय त्यात एक भर. वाय-सस शॉर्ट निघाला तर नुसता बोर्ड बदलून सेट चालू करू नका. वाय-ससला चिकटलेल्या बफर बोर्डावरचा (वाय-ससचे पल्स काचेच्या ओळींना वाटणारा बोर्ड) आयसी गेला असेल तर नवा वाय-सस पहिल्याच झटक्यात जातो. बफर सुटा करून आयसीच्या प्रत्येक आउटपुटचं डायोड रीडिंग फ्लोटिंग ग्राउंडला (बफरचं स्वतःचं, चेसिसपासून वेगळं ग्राउंड) घ्या, चेसिसला नाही. सगळे आकडे सारखे यायला हवेत. एखादी पिन बीप करते किंवा ओपन दाखवते तो आयसी बाद. भिंगातून बघितलं तर अशा आयसीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा तपकिरी डाग सापडतो. बफरमधून काचेकडं जाणाऱ्या चपट्या केबलच्या पट्ट्या ओढून काढू नका, कनेक्टरचं झाकण नखानं उचललं की त्या आपोआप सैल होतात. फाटलेली पट्टी जोडता येत नाही.

पेठकरी
मोजलं. सप्लाय ओपन, वाय-सस ओपन, बफरचे सगळे आकडे सारखे. झेड-सस दोन्ही बाजूंनी ०.००३, बीप. फ्यूज चांगला. आता अख्खा बोर्ड शोधू की त्यावरचे आयजीबीटी (मोठं व्होल्टेज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) बदलू?

सोल्डरवाला
झेड-सस पकडला, पॅनल वाचलं. पॅनासॉनिकनं २०१३ मध्ये आणि सॅमसंग, एलजीनं २०१४ मध्ये प्लाझ्मा बंद केला, त्यामुळं बोर्ड मिळाला तरी जुना काढलेलाच मिळणार. म्हणून आयजीबीटीच बदला.

हीटसिंकवरच्या प्रत्येकाचे कलेक्टर-एमिटर मोजा. एक शॉर्ट असला तर समांतर लावलेले सगळेच शॉर्ट दाखवतील, म्हणून एकेक काढून बाहेर मोजा. गेलेल्याबरोबर त्याच्या जोडीतले सगळे बदला, उरलेल्यानं झटका खाल्लेला असतो. गेटचे छोटे रेझिस्टर आणि गेट ड्रायव्हर आयसी तपासायला विसरू नका. गेट रेझिस्टर ओपन राहिला तर नवे आयजीबीटी लगेच जातात. ३०एफ१२४ सारखे ३०० व्होल्टचे नग बाजारात नकली फार आहेत, जुन्या बोर्डावरून काढलेला खरा नग मला जास्त भरवशाचा वाटतो. पाठीला धातू असेल तर मायका आणि पेस्ट लागेल, पूर्ण प्लास्टिकच्या बॉडीला मायका लागत नाही.

बसवल्यावर व्हीएस पिन परत डायोड रेंजला मोजा. ओपन दाखवल्याशिवाय केबल लावू नका.

बफरतज्ज्ञ
सप्लाय लोडवर टिकतो का हेही बघायचं असेल तर दोन्ही बोर्डांच्या व्हीएस केबल सोडवून सप्लायच्या व्हीएस आणि ग्राउंडवर साधा पिवळा १०० वॅटचा बल्ब लावा. २०० व्होल्टला तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो. बल्ब स्थिर पेटला आणि व्होल्टेज हललं नाही तर सप्लाय ठीक. मेनच्या वायरीत मात्र १०० वॅटचा सिरीज बल्ब लावून अख्खा सेट चालवू नका. ४२ इंचीला त्याहून जास्त करंट लागतो, बल्ब व्होल्टेज पाडतो आणि चांगला सेटही ट्रिप होतो.

सोल्डरवाला
शेवटचं. पॅनलच्या पाठीवर स्टिकर असतो, त्यावर व्हीएस आणि बाकीचे व्होल्टेज त्या काचेसाठी छापलेले असतात. सेट दहा मिनिटं तापू द्या आणि सप्लायवरचा व्हीआर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर) फिरवून व्हीएस त्या आकड्याच्या एक व्होल्टच्या आत आणा. झेड-ससवर झेड-बायसचा (त्या बोर्डाच्या स्वतःच्या व्होल्टेजचा) व्हीआर असेल तर तोही स्टिकरवरच्या आकड्याला जुळवा. सुरुवातीला थोडे ठिपके चमकताना दिसले तर बोर्ड परत काढण्याआधी हे दोन आकडे तपासा.