'गेट लॉज'ला देवडी म्हणावं का?

पैलतीर
आयर्लंडमधल्या जुन्या जमीनदारांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि 'गेट लॉज'पाशी, म्हणजे इस्टेटीच्या प्रवेशद्वारावरच्या दरवानाच्या घरापाशी, गाडी अडलीय. वॉटरफर्ड परगण्यात ड्रोमाना नावाची इस्टेट आहे. तिथला हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट १८२६ साली लग्न करून परतला, तेव्हा कुळांनी स्वागताला म्हणून कागदाच्या लगद्याचं शोभेचं प्रवेशद्वार उभारलं होतं, असं सांगतात. नवराबायकोला ते इतकं आवडलं की पुढे फिनिस्क नदीच्या पुलावर तेच पक्कं बांधून घेतलं. कांद्याच्या आकाराचा घुमट, मिनार, टोकदार गॉथिक खिडक्या. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या पॅव्हिलियन या राजवाड्याची छाप. शैलीचं नाव 'हिंदू-गॉथिक'! (घुमट-मिनार बघून 'हिंदू' सुचणाऱ्याला साष्टांग.)

अडलंय ते या वाक्यावर: 'दरवानाची मुलं गेट लॉजमध्येच वाढत.' 'लॉजमध्ये' लिहिलं की एसटी स्टँडसमोरचं 'बोर्डिंग अँड लॉजिंग' डोळ्यांसमोर येतं. काय लिहू?

गडफिरस्ता
देवडी. विषय संपला. कुठल्याही गडाच्या महादरवाजातून आत शिरा, पहारेकऱ्यांच्या देवड्या दिसतील. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही आहेत.

पैलतीर
देवडीत मुलं कशी वाढतील हो? तिथे शिपाई पहारा बदलेपर्यंत टेकणार. गेट लॉज म्हणजे चूल पेटणारं घर. नवरा इस्टेटीवर कामाला आणि फाटक उघडायला पुष्कळदा बायको. बग्गी आली की हातातलं टाकून पळायचं. काही ठिकाणी तर देखणं दिसावं म्हणून रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुळी घरं बांधलेली, कुटुंब मात्र एकच. निजायचं इकडे, स्वयंपाक तिकडे. भर पावसात ताटावर ताट झाकून रस्ता ओलांडा.

शुद्धमती
'द्वारपालनिवास' का नको? 'महापौर' शब्द सावरकरांनी दिला, आज कुणाला खटकतो? आपणच वापरले नाहीत तर शब्द रुळणार कसे?

निवांत
द्वारपालनिवास म्हणजे जय-विजयांचं सरकारी क्वार्टर वाटतंय. माझ्या आत्याचे यजमान रेल्वेत गेटमन होते. फाटकालगतच्या त्यांच्या दोन खोल्यांना सगळे 'फाटकावरचं घर' म्हणायचे. मुलंही तिथेच वाढली. तेच लिहा की.

परभणीकर
देवडीबद्दल जरा थांबा. आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. हैदराबादेत देवडी म्हणजे पहारेकऱ्याची खोली नव्हे, अमीर-उमरावाचा अख्खा वाडा. पायगा अमिरांच्या, म्हणजे निजामाच्या बड्या सरदारांच्या, देवड्या प्रसिद्ध आहेत. आजोबा 'देवडीवर जाऊन आलो' म्हणत, ते थेट बैठकीत बसून आलेले असत. तुम्ही गेट लॉजला देवडी लिहिलंत तर आमच्या माणसाला दरवानच नवाब वाटेल.

गडफिरस्ता
तो हैदराबादी उर्दूचा वापर. मराठीत देवडी दारातच.

परभणीकर
म्हणजे मराठवाड्याची मराठी ही मराठी नव्हे? छान. अहो, मूळ शब्द 'देहली', म्हणजे उंबरठा. तिथून दारातली खोली झाली, मग वाडा झाला. अर्थ पुढे सरकू नये म्हणून तुम्ही पहारा देताय का?

शुद्धमती
आमचे एक मास्तर 'देवडी'ची फोड 'देव अडतो ती' अशी करत.

परभणीकर
देव अडो न अडो, व्युत्पत्ती अडली.

पैलतीर
गंमत म्हणजे त्याच वॉटरफर्डमध्ये, लिस्मोरजवळ बॅलीसॅगर्टमोरला याच्या अगदी उलट झालंय. कायली नावाच्या जमीनदाराने १८३०च्या दशकात मनोरे, कमानी, पूल असा किल्ल्याचा थाट नुसत्या प्रवेशालाच केला. त्यातच पैसे संपले आणि मनातला महाल कधी झालाच नाही. रानात आता नुसत्या देवड्या उभ्या आहेत.

गडफिरस्ता
बघा! तुम्हीच 'देवड्या' लिहिलंत!

पैलतीर
ते ओघात आलं. आणि वाक्य मुलांचं आहे, ते अजून तसंच पडलंय.

निवांत
दारावरून आठवलं, मोठ्या दरवाजातल्या बुटक्या दाराला 'दिंडी' का म्हणतात? वारीतल्या दिंडीशी काही नातं? आजी सांगायची, एकेकाने वाकून जायचं म्हणून दिंडी.

गडफिरस्ता
शत्रू एकदम आत घुसू नये म्हणून वाकायला लावायचे. वारीचा काय संबंध?

शुद्धमती
संबंध नाही हे कशावरून ठरवलंत?

परभणीकर
आमच्या घरी त्या दाराला 'खिडकी' म्हणत. की हेही उर्दूच, गडफिरस्ते?