सेल आणि गिप्सलँड लेक्स : आई-बाबांसोबत शनिवार-रविवार, सल्ला हवा

मनवा_मेलबर्न :
नमस्कार मंडळी. नाशिकहून आई-बाबा आलेत, त्यांना मेलबर्नच्या पूर्वेला, गिप्सलँड लेक्स या तळ्यांकडे न्यायचंय. जो तो थेट तळ्यांच्या तोंडाशी असलेलं लेक्स एन्ट्रन्स गाव गाठा म्हणतो. पण बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कालवा, पूल दिसला की ते हलत नाहीत. वाटेत सेल गावात जुनं बंदर आहे म्हणे. थांबण्यासारखं आहे का? गाडी आमची आहे, आईचे गुडघे दुखतात.

गोदाकाठ :
नुसतं थांबू नका, शनिवारचा मुक्काम सेललाच करा. लेक्स एन्ट्रन्सला तळी दिसतात, पण त्यांच्यावर हा मुलूख जगला कसा, ते सेलला कळतं. १८७८ मध्ये मेलबर्नकडून रेल्वे इथवर आली. पुढचा माल आणि माणसं आगबोटीने तळी ओलांडून जायची. बोटी पार गावात याव्यात म्हणून थॉमसन नदीपासून कालवा खणला. त्याच्या टोकाचा धक्का म्हणजे पोर्ट ऑफ सेल. पुढे १८८८ ला रेल्वे आणखी पूर्वेला बेअर्न्सडेल गावाला पोचली आणि बंदराचं महत्त्व ओसरत गेलं.

बाबांसाठी खरी गोष्ट गावाच्या दक्षिणेला, लाँगफर्डच्या रस्त्यावर आहे: १८८३ चा स्विंग ब्रिज. लॅट्रोब आणि थॉमसन या नद्या जिथे मिळतात तिथेच. मधल्या खांबावर अख्खा लोखंडी पूल आडवा फिरतो आणि बोटीला वाट होते, तेही हाताने दांडा फिरवून. रचना जॉन ग्रेंजरची, म्हणजे संगीतकार पर्सी ग्रेंजरचे वडील. खाली उभं राहून तो फिरताना बघा, बाबा खूश होतील. मात्र ठरावीक दिवशीच फिरवतात, वेळ आधी बघून मगच तारीख पक्की करा.

मनवा_मेलबर्न :
बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच निघायला तयार आहेत! आईसाठी काय?

रेशीमधागा :
धक्क्यालगतच गिप्सलँड आर्ट गॅलरी आहे, प्रवेश फुकट. तिथे ॲनेमीक माइन यांचं कापड-धाग्याचं काम नक्की बघा. पतंग, चतुर, पक्षी, सगळं शिवून-भरून उठावात आणलंय. पंखांवरच्या शिरासुद्धा टाक्यांनी काढल्यात. भरतकाम येणाऱ्या बाईला तिथून लवकर बाहेर काढू नका. बाहेर कालव्याकाठची वाट सपाट आहे, बसत-बसत चालता येईल.

गोदाकाठ :
गावाला लागूनच सेल कॉमन ही पाणथळ जागा आहे, लाकडी फळ्यांची वाट आहे. पाणी असेल तर पाणपक्षी भरपूर, डासही भरपूर. औषध चोळूनच जा. उन्हाळ्यात साप असतात, वाट सोडू नका.

रविवारी तळ्याकाठचं पेन्सव्हिल गाव. तिथून रेमंड आयलंड बेटावर जाणारी फेरीबोट, चालत जाणाऱ्यांना फुकट. उतरल्यावर थोड्याच अंतरात झाडांवर कोआला दिसतात, आईला फार चालावं लागणार नाही. १९५३ मध्ये आणून सोडले होते, आता बेटभर आहेत.

लेक्स एन्ट्रन्स वेळ उरला तरच. तिथलं समुद्राचं तोंडही १८८९ मध्ये माणसांनी कापून कायमचं केलेलं आहे, म्हणजे बाबा तिकडेही रेंगाळणार. नाइंटी माइल बीचवर मात्र पाण्यात उतरू नका, ओढ जबरदस्त असते.

मनवा_मेलबर्न :
ठरलं, मुक्काम सेललाच. शाकाहारी जेवणाचं कसं?

रेशीमधागा :
लहान गावं आहेत, स्वयंपाकघर लवकर बंद होतं. थालीपीठं-दशम्या घ्या आणि खोली किचनवाली बुक करा.