मदत हवी आहे: आईला स्टेंट आहे, गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायचं इंजेक्शन चालेल का?

मांजराकाठ:

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहायलोय. आई 67 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत. उजवा बदलायचं ठरलंय, तारीखही मिळालीय. 2021 साली तिची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून इकोस्प्रिन 75 (रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिनची गोळी) चालू आहे, बीपीची गोळी वेगळी. हिमोग्लोबिन 10.2 आलंय.

तपासणीच्या वेळी भुलीचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊ, रक्त कमी जाईल, बाटली चढवायची वेळ बहुतेक येणार नाही." आम्ही मान डोलावली आणि घरी आलो. घरी आमचे भाऊजी बसलेले, त्यांचं मेडिकल आहे. ते म्हणाले, एकीकडं रक्त पातळ करायची गोळी आणि दुसरीकडं रक्त गोठवायचं इंजेक्शन, हे काय चालवलंय? स्टेंट बंद पडला म्हणजे? झालं! आईनं तेवढंच धरलं. "राहू दे बाबा तो गुडघा, मी काठीनं चालते."

त्यात बायकोनं चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि कपाटातून एक जुनी स्ट्रिप काढून पुढं ठेवली. अंगावरून जास्त जात होतं तेव्हा तिला दिलेली गोळी. नाव तेच! म्हणजे पाळीची गोळी आणि गुडघ्याचं इंजेक्शन एकच का?

तर विचारायचं हे, की स्टेंटवाल्याला हे चालतं का, इकोस्प्रिन बंद करायची का (आमचे नेहमीचे डॉक्टर बंद करा म्हणायलेत, भुलीचे डॉक्टर चालू ठेवा म्हणायलेत), आणि रक्ताची सोय करून ठेवावी का. अजून एक, जरा वेगळं आहे पण विचारून घेतो. आमच्या शेतावर ऊसतोडीची टोळी असते. गेल्या हंगामात एकाच्या नडगीवर कोयता बसला, हाड दिसत होतं. असं इंजेक्शन किंवा गोळ्या शेतावर आणून ठेवल्या तर उपयोग होईल का?

बालाघाटी:

भाऊजींचं बरोबर आहे. माझ्या वाचण्यात आलंय की हार्टच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायचं औषध द्यायचे, त्यानं माणसं दगावली म्हणून कंपनीला ते मागं घ्यावं लागलं. जपून.

भूलवाला:

बालाघाटी, तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण ते औषध दुसरं. ॲप्रोटिनिन त्याचं नाव. ते गाईच्या फुप्फुसापासून काढत. 2007 मध्ये त्याची विक्री थांबली. पुढं 2008 मध्ये कॅनडातला मोठा अभ्यास छापून आला. त्यात ॲप्रोटिनिन आणि ट्रॅनेक्झॅमिक समोरासमोर होती आणि मृत्यू ॲप्रोटिनिनच्या गटात जास्त झाले. म्हणजे ज्या अभ्यासाचा धसका तुम्ही घेतलाय, त्यात आपलं औषध उजवं ठरलंय.

आता मांजराकाठ, तुमचं. मी भूल देतो, मराठवाड्यातच. आईंचे कागद माझ्यासमोर नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण भाऊजींचा गैरसमज फार लोकांचा असतो, त्यामुळं नीट लिहितो.

हे औषध रक्त गोठवत नाही. जखम झाली की शरीर स्वतःच गुठळी करतं, फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणतं. आणि त्याच वेळी ती जाळी तोडणारं प्लाझ्मिनही शरीर तयार करत असतं. ट्रॅनेक्झॅमिक त्या तोडणाऱ्याला जाळीला चिकटू देत नाही, बस. शेताच्या बांधाचं समजा: हे औषध माती टाकत नाही, बांध पोखरणाऱ्या खेकड्यांना अडवतं. (खेकड्यांवरून कोणी राजकारण काढू नका!) जिथं जखम नाही, गुठळीच नाही, तिथं त्याला करण्यासारखं फारसं काही नसतं. उलट एखाद्याच्या पायात किंवा फुप्फुसात आजच गुठळी बसलेली असेल तर ती विरघळायला हवी असते. तिथं हे औषध देत नाहीत.

गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीला घट्ट पट्टा आवळतात. तो सोडला की गुठळी विरघळवण्याचं काम शरीरात एकदम जोर धरतं, म्हणून नंतरच्या काही तासांत रक्त पाझरत राहतं. बहुतेक ठिकाणी साधारण एक ग्रॅम शिरेतून सावकाश देतात, काही सर्जन सांध्यातच टाकतात. रक्त चढवावं लागण्याचं प्रमाण यानं बरंच उतरलंय, म्हणून आता जवळपास सगळीकडं सर्रास वापरतात.

स्टेंटचं. 2022 मध्ये पॉइझ-3 नावाचा अभ्यास छापून आला. हृदयाचं सोडून बाकीची ऑपरेशनं, 9,535 पेशंट, त्यात हृदयविकाराचा धोका असलेलेच भरपूर. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत 9.1 टक्के, न दिलेल्यांत 11.7. हार्ट अटॅक, लकवा, गुठळी वगैरे मिळून 14.2 विरुद्ध 13.9. खरं सांगायचं तर "धोका तसूभरही वाढत नाही" असं संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषावर त्यांना सिद्ध करता आलं नाही, पण फरक किती लहान आहे ते तुम्हीच बघा. आणि 10.2 हिमोग्लोबिनवर भरपूर रक्त गेलं तर त्याचाही ताण हृदयावरच येतो, हे भाऊजींनी हिशेबात धरलेलं नाही.

मला विचाराल तर आईंच्या बाबतीत इंजेक्शनपेक्षा इकोस्प्रिनचा प्रश्न मोठा आहे. स्टेंट असलेल्याची ती गोळी परस्पर बंद करणं जास्त धोक्याचं. बहुतेक वेळा ॲस्पिरिन चालू ठेवूनच गुडघा करतात. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी असती तर काही दिवस आधी थांबवायचा विचार झाला असता, तोही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. तुमच्याकडं दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत, म्हणजे तुम्ही मधे पडू नका. हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घ्या आणि ती भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.

त्यांना दोन गोष्टी न विचारता सांगा. कधी फिट आली होती का, कारण जास्त मात्रेत या औषधानं झटके येऊ शकतात. आणि किडनीचा रिपोर्ट, कारण औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी करतात.

शेवंता:

मी वॉर्डात सिस्टर आहे. वहिनींचं बरोबर आहे, औषध तेच. पाळीत जास्त जायला लागलं की गोळी देतात, बऱ्याचदा मेफेनॅमिक या दुखणं थांबवणाऱ्या औषधासोबत जोडून. चेहऱ्यावरच्या वांगासाठीही त्वचेचे डॉक्टर हीच गोळी कमी मात्रेत देतात. बाळंतपणात तर हे इंजेक्शन आम्ही हाताशीच ठेवतो.

त्याची गोष्टही सांगते, मला आवडते म्हणून. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी 1962 मध्ये हे औषध जगापुढं आणलं. बाळंतिणी रक्त जाऊन मरू नयेत ही बाईंची मूळ इच्छा, पण तेव्हा तिथले प्रसूतीचे डॉक्टर त्यांचं ऐकेनात. शेवटी वुमन नावाचा अभ्यास झाला, 20,060 बायकांवर. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू 1.7 टक्क्यांवरून 1.2 वर आले. तो छापून आला 2017 मध्ये. बाई 2016 मध्येच गेल्या होत्या, 98 व्या वर्षी.

बालाघाटी:

धन्यवाद डॉक्टरसाहेब, ॲप्रोटिनिनचा खुलासा बरा केलात. मग कोयत्याच्या जखमेला तर हे शेतावर पाहिजेच की. आमच्याकडं उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटतो, घोणसही चावते. एक डबा भरूनच ठेवतो!

भूलवाला:

थांबा थांबा. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

अपघाताच्या रक्तस्रावात हे औषध जीव वाचवतं, यात वाद नाही. 2010 चा क्रॅश-2 अभ्यास, 40 देश, 20,211 जखमी. एकूण मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 वर आले. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पण सगळी मदार वेळेवर. जखमेपासून तीन तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. पुढं निघालेल्या हिशेबात दर 15 मिनिटांच्या उशिरानं फायदा साधारण 10 टक्क्यांनी घटतो. तीन तास उलटल्यावर दिलं तर फायदा राहिला बाजूला, रक्तस्रावानं होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

मग गोळी का नको? कारण गोळी पोटातून रक्तात पुरती उतरायलाच तीनेक तास लागतात. आणि इंजेक्शन शिरेत दहा मिनिटं लावून सावकाश द्यायचं असतं, घाईनं ढकललं तर बीपी पडतं. टोळीच्या कोपीवर, झोपडीत हे कोण करणार? जखमेवर स्वच्छ फडकं धरून दोन्ही हातांनी दाबा, दाब सोडून मधेमधे बघू नका, फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. एकानं तेवढ्यात 108 ला फोन करायचा. जखम किती वाजता झाली ते मुकादमानं दवाखान्यात नेमकं सांगितलं पाहिजे. "सकाळी लागलं" एवढ्यावर मला हे औषध द्यायचं की नाही ते ठरवता येत नाही.

घोणस चावली तर या औषधाचं काम नाही. घोणसेचं विष रक्तातले गोठवणारे घटकच संपवून टाकतं, तिथं गुठळी धरायलाच काही उरत नाही. उपाय प्रतिविष, म्हणजे सापाची लस, तीही दवाखान्यातच. तिथं काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं का बघतात. तेवढ्या साध्या तपासणीवर निर्णय होतो. आणि घोळण्याला नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून, मान पुढं झुकवून दहा-पंधरा मिनिटं बसवा. कांदा हुंगवायचा तर हुंगवा, पण चिमटा सोडू नका.

जाता जाता, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत असेल तर ही गोळी घरी अजिबात देऊ नका. पोटातल्या रक्तस्रावावर 2020 मध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात फायदा तर दिसला नाहीच, वर शिरांतल्या गुठळ्या आणि झटके वाढले.

मांजराकाठ:

सगळ्यांचे आभार. आज हृदयाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. इकोस्प्रिन चालू ठेवायची, इंजेक्शनला त्यांची हरकत नाही, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. आईला कधी फिट आलेली नाही, क्रिएटिनिन 0.9 आहे. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या द्यायच्या का, हेही भुलीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले तारीख थोडी पुढं ढकलून हिमोग्लोबिन वाढवून घेऊ. आई अजून "बघू" म्हणायलीय, पण काठीचं नाव काढत नाही. रक्ताचं मात्र राहिलंच, दोन पिशव्या सांगून ठेवू का?

शेवंता:

गट तपासून रक्तपेढीत जुळवून ठेवायला सांगा. लागलं नाही तर ते दुसऱ्या कुणाच्या कामी येतं. येताना अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड आणा, नुसतं "स्टेंट आहे" म्हणून भागत नाही, कुठल्या शिरेत आणि कधी बसवला ते त्यावर असतं. आणि भाऊजींना आधीच सांगून ठेवा, ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध देतात, बऱ्याचदा पोटाच्या कातडीत टोचायचं इंजेक्शन. ते बघून ते पुन्हा उसळतील. ट्रॅनेक्झॅमिकचा जोर तोवर ओसरलेला असतो. पिंढरी सुजली, तिथं दुखायला लागलं किंवा अचानक दम लागला, तर रात्र असली तरी सिस्टरला उठवा.

मांजराकाठ:

भाऊजींना धाग्याची लिंक पाठवलीय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.