अनुभव धागा : नवं गाणं कुठून आलं, आणि त्यासोबत काय दिसायला लागलं?

मी आर्वी तालुक्यातला. कापूस निघाला की तीन-चार महिने एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. एक गाडी उतरून दुसरी काट्यावर चढेपर्यंत हाताला काम नसतं. त्या मधल्या वेळात एका कानात इयरफोन घालून अनोळखी संगीत ऐकायचं आणि समोर उभ्या ट्रॉल्यांच्या फाळक्यांवरचं रंगकाम पाहायचं, ही सवय बरीच वर्षं आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मग एक संग्रह ऐकण्यात आला. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे जिथं खुर्चीच्या पायापासून अक्षराच्या वळणापर्यंत रोजच्या वस्तूंचा विचार शिकवतात त्या संस्थेत, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसवून दिला होता. १९७२ पर्यंत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर आवाज घडवून पाहिले. टेपा कपाटात राहिल्या. पॉल पर्गास या ब्रिटिश संगीतकारानं त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या जगानं ऐकल्या. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी आपल्याच देशात हे होत होतं, आणि तेही खुर्च्या घडवणाऱ्यांच्या शेजारी बसून! त्या दिवशी मी काट्यावर दोन गाड्यांचं वजन पुन्हा घेतलं, इतकं लक्ष उडालं होतं.

तेव्हापासून ट्रॉलीवरचं रंगकाम मला वेगळं दिसतं. पेंटर मोठा कमळ-मोर आधी काढत नाही. आधी पट्टी मारतो, मग पट्टीवर ठिपके, आणि ते ठिपके एकसारख्या अंतरावर कधीच नसतात. दर चौथा जाड. कानातल्या तालातही दर चौथा ठोका जाड होता.

तर मित्रांनो आणि तायांनो, लिहा. इंडी असो, इलेक्ट्रॉनिक असो, ते तुमच्या गावापर्यंत कसं पोचलं? आणि घरातली, वावरातली, दुकानातली कोणती घडण त्यासोबत नव्यानं दिसली? शहरातल्या मैफलींवर पुष्कळ लिहिलं गेलंय, आपल्याकडचं कोणी लिहीत नाही.

मोहाडी, भंडारा

दादा, माझ्या घरी माग आहे. त्यावर करवत काठी लुगडी होतात. अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काठ सुती, आणि दोन्हीच्या जोडावर करवतीचे दात. डाव्या काठाचा एक धोटा, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक, असे आडवा दोरा नेणारे तीन धोटे चालतात आणि दर ओळीला काठाचा दोरा अंगाच्या दोऱ्यात अडकवावा लागतो. लहानपणी या दातांचा मला कंटाळा होता, कारण त्यांच्यामुळे लुगडं लवकर उतरत नसे आणि बाबांचं जेवण थंड व्हायचं.

नागपूरला शिकताना होस्टेलच्या एका मैत्रिणीनं चरणजित सिंग यांचा १९८२ चा अल्बम पाठवला. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस, त्यानं रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि लोक थक्क झाले, कारण शिकागोत पुढे नाचाच्या ज्या संगीताला ॲसिड हाउस म्हणाले त्याच्यासारखाच आवाज त्यात आधीच होता. मला ते काही ठाऊक नव्हतं. मला फक्त भैरव ओळखू आला आणि त्याच्याखाली काहीतरी चिरत, वळत जाणारं ऐकू आलं.

तो आवाज कशाचा म्हणून मी मोबाईलवर एक सिंथेसायझर उतरवून घेतला. त्यात लाटांची चित्रं होती. एका लाटेचं नाव सॉटूथ, करवतीचा दात. मी जागीच उठून बसले. हा तर आमचा काठ!

पण नीट पाहिल्यावर फरक दिसला, आणि तोच मला जास्त आवडला. सॉटूथ लाट एका बाजूनं तिरपी चढते आणि दुसऱ्या बाजूनं सरळ खाली पडते, म्हणून तिच्यात सगळे उपस्वर भरलेले असतात आणि ती कानाला चिरते. आमच्या घरच्या काठाचा दात दोन्हीकडून सारखा उतरतो. तशी लाट निराळी, तिला ट्रँगल म्हणतात, आणि ती जवळपास बासरीसारखी मऊ वाजते. म्हणजे नाव करवतीचं, पण आमच्या काठाचा सूर मऊ निघाला. हे मी सुटीत घरी जाऊन बाबांना ऐकवलं. त्यांनी दोन्ही आवाज तीनदा ऐकले आणि मऊ आवाजाला बोट लावलं.

बार्शीटाकळी, अकोला

मी जास्त लिहिनारा मानूस नाई, पन हे सांगाच लागते. आयटीआयले वायरमन केलं, आता वावर पाह्यतो. हरबऱ्याले पानी द्याले आठवड्यातून काही दिस रातची लाईन राह्यते. मोटर चालू केली का सरी भरेपर्यंत धुऱ्यावर बसून राहा लागते. धुऱ्याच्या कोपऱ्यात डीपी हाय, म्हंजे लाईनीचा ट्रान्सफॉर्मर. थे रातभर गुनगुनते. लोकायले वाटते बिघडली. बिघाड नाई थो. लाईन एका सेकंदात ५० खेपा फिरते, आन् दर खेपीले आतल्या लोखंडाच्या पत्र्या दोनदा ताणतात, म्हनून १०० चा सूर निंगते. भजनाच्या पेटीवर लावून पाह्यला, तं पांढरी पाचच्या बारीकसा वर.

एका राती पोट्ट्यानं मोबाईलमंधी भरून देल्लं थे आयकलं. ब्रायन ईनो नावाच्या इंग्रज मानसानं १९७८ मंधी विमानतळासाठी केलेलं. एक सूर येते, जाते, मंग किती येळ काहीच नाई. पयल्या राती वाटलं मोबाईल अटकला. दुसऱ्या राती म्या एक कान उघडा ठेवला. एका कानात थे, एका कानात डीपी. सांगतो भाऊ, पान्याचा आवाज, डीपीचा सूर आन् थे वाजनं, कोनतं कुठचं हेच समजे ना. सरी फुटून पानी शेजाऱ्याच्या गव्हात गेलं तवा उठलो.

आन् दिसलं काय म्हनसान तं स्टार्टरची डब्बी. हिरवं बटन आत बसलेलं राह्यते, लाल बटन बाहेर निंगलेलं. काऊन? चालू करनं चुकून होऊ नये, बंद करनं मातर अंधारात, ओल्या हातानं, घाईत बी व्हावं. वीस वर्सं दाबून राह्यलो, पन कोनीतरी याचा इचार करून ठेवला हे त्या राती ध्यानात आलं. ज्यानं केलं त्याले रामराम.

पुसद

माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर नावं, देवाचे फोटो, नंबरप्लेट. एका कॉलेजच्या मुलानं मोबाईलवर चित्र दाखवलं, काळ्यावर पांढऱ्या वाकड्या रेघा, एकाखाली एक. म्हणाला काका, गाडीच्या टाकीवर हे पाहिजे. मला वाटलं डोंगर आहेत. मशीनवर रेघा तुटायच्या, म्हणून शेवटी ब्लेडनं हातानं कापल्या. दोन दिवस गेले. दोन दिवस एखादी गोष्ट कापत बसलात की ती काय आहे हे विचारावंच लागतं.

ते डोंगर नव्हते. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार, दर १.३४ सेकंदाला ठोका देणारा तारा, त्याच्या ठोक्यांचा तो आलेख. १९७९ मध्ये पीटर सॅव्हिल यांनी तो मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन बँडच्या पहिल्या अल्बमवर लावला. पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नव्हतं. मी दुकानदार आहे, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस नाव मोठं करा म्हणतो. नाव न टाकता चित्र पुढे करण्याची हिंमत पाहून मी तो अल्बम ऐकला. इंग्रजी मला येत नाही. ढोल कोरडा, आवाज लांबून आल्यासारखा, जूनमध्ये पाऊस हुलकावणी देतो त्या दिवसांसारखा. आता रोज दुकान उघडताना लावतो.

इंडी म्हणजे काय हेही तेव्हाच कळलं. इंडिपेंडंट. ही वाजवण्याची पद्धत नव्हे, मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या बळावर काढलेलं संगीत.

वडसा

पुसदचे काका, मग आमच्या झाडीपट्टीला काय म्हणाल? दिवाळीनंतर रात्र-रात्रभर नाटकं, मंडळांची कचेरी वडशाला, पोस्टर आमचं, वाद्यवाले आमचे, मंडप गावाचा. मुंबईच्या कोणत्याही कंपनीला विचारत नाही. मी तिथं कीबोर्ड वाजवतो. पोस्टरवर पिवळ्यावर लाल अक्षर का, हे लांबून सायकलवर येणाऱ्याला विचारा.

देवळी, वर्धा (निवृत्त शिक्षक)

माझा या संगीतावर राग होता आणि तो मी लपवत नाही. आमच्या गल्लीतून वरातीचा डीजे गेला तेव्हा मागच्या खोलीची मातीची भिंत भेगाळली. माझ्या आईचं वय तेव्हा नव्वदीच्या पुढे. ती रात्रभर छातीवर हात ठेवून बसली. गावात इलेक्ट्रॉनिक म्हटलं की पुष्कळांच्या मनात हेच येतं, आणि ते खोटं नाही.

नातवानं मला हळू आवाजात काही ऐकवलं. फार थोडे सूर, त्यांच्यात मोकळी जागा. मला सेवाग्रामची बापूकुटी आठवली. दरवर्षी मुलांना तिथं नेत असे. माती, बांबू, कवेलू, बसायला चटई, मातीच्या भिंतीवर मीराबेननं उठवलेली ताडाची झाडं. त्या खोलीतून काही काढता येणार नाही आणि काही घालावंसंही वाटत नाही. आता संध्याकाळी ऐकतो, आवाज स्वतःच्या खोलीबाहेर जाऊ न देता. वरातीवाल्यांनीही एवढं करावं, माझं एवढंच मागणं.

काटोल

गुरुजी, मी धुमालमध्ये, म्हणजे वरातीच्या वाद्यपथकात, ऑक्टोपॅड हे विजेवरचं तालवाद्य वाजवतो, तुमचं बोलणं मनाला लागलं. दवाखाना आणि म्हातारी माणसं असलेलं घर आलं की आम्ही भोंगे बंद करतो, ढोल-ताशा हातानं हळू चालू ठेवतो. सगळे करत नाहीत.

मी १९८० च्या रोलंड ८०८ या ड्रम मशीनचा फोटो पाहिला आणि वाजवण्याआधीच ते मला समजलं. खाली सोळा बटनं एका ओळीत. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. वडिलांनी तबल्यावर तीनताल शिकवला, सोळा मात्रा, चार-चारचे विभाग. ते बोटांच्या पेरांवर मोजायला लावत. इथे तेच रंगात मांडलेलं. वाचता न येणारा माणूससुद्धा पाहून सांगेल आपण तालाच्या कोणत्या विभागात आहोत. मी माझ्या पॅडच्या कडांना त्याच रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या. धाकट्या भावाला बसवायला महिना लागायचा ते आठ दिवसांत बसलं. आता तो दुकानातल्या जुन्या संगणकावर एलएमएमएस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिरवणुकीतल्या संदलचे ठेके बांधतो.

आमगाव, गोंदिया

किराणा दुकान. फोर टेट नावाच्या लंडनच्या संगीतकाराचा २०१५ चा अल्बम, दोनच तुकडे, एकेक वीसेक मिनिटांचा. पहिल्यात मध्येच लताबाईंचा आवाज. तेल मोजता मोजता हात थांबला, गिऱ्हाईक म्हणालं ताई, सांडलं.

पवनी

मोहाडीच्या ताईंचं वाचून धीर आला. मी शिवणकाम करते. डेलिया डर्बीशायर या बीबीसीत काम करत, १९६० च्या दशकात. त्या पत्र्याच्या हिरव्या दिव्याच्या झाकणावर ठोका मारून टेपवर घ्यायच्या, मग ठोक्याची सुरुवात कात्रीनं कापून टाकायच्या आणि मागे उरलेली नुसती घुमणी वापरायच्या. कापून जोडणं हे माझंच काम, म्हणून हे लगेच समजलं.

आमच्या घरी आजीचा पाणी आणायचा पितळी गुंड आहे, भंडाऱ्याचा. त्यावर लाकडी चमच्यानं मारलं, मोबाईलवर घेतलं, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठोका छाटला. उरलं ते काय सांगू, देवळात कोणी नसताना ऐकू येतं तसं. अर्धा भरला तर सूर उतरतो. स्टीलच्या पातेल्यात ती घुमणी नाही, लवकर मरते. गुंडाचा गळा अरुंद का, तर डोक्यावरून आणताना पाणी हिंदकळू नये म्हणून, एवढं माहीत होतं. पोट किती गोल घडवलंय ते कान लावल्यावर हाताला कळलं. ताई, तुमच्या मागाचा आवाज घेऊन पाठवाल का? गुंडाखाली घालून पाहीन.

मोहाडी, पुन्हा

पवनीच्या ताई, घेतला. फणीचा ठोका, पावडीचा खाली येतानाचा आवाज, धोट्याची सरक. तुम्ही सांगितलं तसं मी ठोक्यांची तोंडं छाटली आणि वेग निम्मा केला. माग ओळखूच येत नव्हता, लांबून पाऊस येतोय असं काहीतरी झालं होतं.

आई चुलीपुढे होती. तिला काही न सांगता लावलं. ती भाकर उलटता उलटता म्हणाली, "आजचा नाही हा. आज मी बसले होते. हे तुझे बाबा आहेत, डावा हात उशिरा येतोय."