प्रतिसाद: स्वस्त इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्यावे का?
नवशिक्याने घरच्या गेटच्या किरकोळ कामांसाठी स्वस्त आयात मशीन घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जरूर घ्यावे, मात्र पेटीवर छापलेल्या '२०० अँपिअर'वर विसंबू नये. ड्यूटी सायकल ६० टक्के असेल तर त्या करंटवर दहा मिनिटांपैकी सहाच मिनिटे काम करता येते, आणि हे माप सहसा ४० अंश तापमानाला धरलेले असते, जे सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सहज ओलांडले जाते. तरी २.५ मिलिमीटरच्या रॉडला ७० ते ९० अँपिअर पुरतात. माझ्या मशीनचा अर्थिंगचा चिमटा (जोडायच्या लोखंडाला लावायचा) पातळ पत्र्याचा होता. तो तापून सैल झाला आणि आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) सारखा तुटू लागला, तेव्हा पितळी चिमटा बसवावा लागला. हेल्मेटच्या बाबतीत मात्र काटकसर अजिबात करू नये.