वर्गातल्यांच्या आत्मपर लेखांवर अभिप्राय कसा द्यावा?

चाफेकळी: लेखनवर्गातल्या चौघांचे लेख आलेत, प्रत्येकी ८०० शब्द. एका लेखाला अर्धा तास, त्याहून जास्त वेळ नाही. 'छान लिहिलंय'च्या पुढे काय लिहायचं? एक लेख वडिलांच्या आजारपणावर आहे, तिथे तर काही लिहायचा धीरच होत नाही.

दुसरा_खर्डा: तीनदा वाचा. पहिल्यांदा पेन हातात न घेता. दुसऱ्यांदा मन गुंतलं तिथे सरळ रेघ, मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं तिथे नागमोडी. शेरे तिसऱ्या वाचनात, तेही जागा दाखवून. 'अजून खुलवा' म्हटल्याने काही कळत नाही. '"आजी गेली आणि घर बदललं" यानंतर लेख थेट दहा वर्षं पुढे जातो, घरात काय बदललं ते दिसलंच नाही' असं लिहिलं की कुठे काय भरायचं ते समजतं.

वेलांटी: आधी शुद्धलेखन! चुकांमुळे वाचनच अडतं.

दुसरा_खर्डा: पहिल्या खर्ड्यात नको. वेलांट्या सुधारून झालेला परिच्छेद उडवायला लेखकाचा हात धजत नाही. तीच चूक वारंवार असेल तर शेवटी एका ओळीत सांगा.

वेलांटी: आणि मधेच 'जातो'चं 'गेलो' झालं तर? काळ चुकला की प्रसंग आधीचा की नंतरचा तेच कळत नाही. हे पहिल्याच खर्ड्यात सांगायला हवं.

दुसरा_खर्डा: काळाचं मान्य.

समास: गूगल डॉक्समध्ये सजेशन मोड लावून वाक्यं बदलून टाका. सगळ्यात झटपट.

निळी_शाई: हे अजिबात करू नका. लेखक एकेक बदल स्वीकारत जातो आणि लेख तुमच्या भाषेत होऊन बसतो. फक्त कॉमेंट, शक्यतो प्रश्नाच्या रूपात. वडिलांच्या लेखात 'तू'ऐवजी 'निवेदक' लिहा. 'तू तेव्हा थांबायला हवं होतंस' हा आयुष्यावरचा शेरा झाला. 'निवेदक दवाखान्यातून का निघतो ते कळलं नाही' हा लेखावरचा. कशावर मत हवंय ते त्यांना आधीच विचारा.

मीही_तेच: तीनदा वाचा, +१. पहिला परिच्छेद झाकूनही वाचून बघा. पुष्कळदा लेख दुसऱ्यापासूनच सुरू होतो.

चाफेकळी: आभार सगळ्यांचे. तीन वाचनं अर्ध्या तासात बसत नाहीत. दोनदाच वाचेन, लेखावर खुणा नाहीत. प्रत्येकाला अर्ध्या पानाचं पत्र देईन: लेख मला कशाबद्दल वाटला ते एका वाक्यात, एक जमलेली जागा, दोन प्रश्न.

समास: मग परिच्छेदांचे क्रमांक तरी घाला, नाहीतर कुठली जागा म्हणताय ते शोधत बसतील.