शेटलंडी पद्धतीची जाळीदार शाल : मधून सुरुवात करावी की काठापासून?

प्रश्न : शरदसकाळ

नमस्कार. स्वेटर, टोपरी, मोजे असे नेहमीचे विणकाम मला लहानपणापासून येते. जाळीची शाल मात्र यापूर्वी कधी विणलेली नाही. सध्या मी एडिंबऱ्यात राहते. इथे ऑक्टोबर लागला की सकाळी घर थंड असते, घरातली मंडळी उठण्यापूर्वी तासाभराची शांतता मिळते, आणि खिडकीशी चहा घेऊन बसल्यावर हातात सुया असाव्यात असे वाटते. हा वेळ नाशिकला राहणाऱ्या माझ्या आईसाठी शाल विणण्यात घालवावा, असे ठरवले आहे.

शेटलंड बेटांवरची रोजच्या वापराची चौकोनी शाल, जिला तिथे ‘हॅप’ म्हणतात, ती मला विणायची आहे : मधोमध साधा चौकोन, भोवती ‘ओल्ड शेल’ नावाच्या नमुन्याच्या लाटा आणि शेवटी दातेरी काठ. काही जणी आधी काठ विणून आत येतात, तर काही जणी मधल्या चौकोनापासून बाहेर जातात. पहिल्या शालीसाठी यांपैकी काय योग्य ठरेल? लोकर किती बारीक घ्यावी? आणि रोज तासाभराने काम खाली ठेवायचे असल्याने टाक्यांचा हिशेब बिघडू नये म्हणून काय करावे? आईची त्वचा नाजूक आहे, तिला ही लोकर टोचेल का, हीही शंका आहे.

उत्तर १ : उलटसुलट

आपण हॅप निवडलीत, हे फार चांगले केलेत. शेटलंडची म्हणून जी अंगठीतून आरपार जाणारी शाल प्रसिद्ध आहे, ती उन्स्ट बेटावरच्या विणकरणींची कमाल आहे. मेंढीच्या मानेजवळची सर्वांत मऊ लोकर हाताने उपटून, केसासारखी बारीक कातून ती विणली जात असे. ते काम पहिल्या प्रयत्नासाठी नाही. हॅप ही मुळात घरातल्या बायकांनी खांद्यावर घ्यायची, बाळाला गुंडाळायची शाल आहे, म्हणून तिची लोकर थोडी जाड असली तरी तिचे रूप कमी होत नाही.

जुनी पद्धत काठापासून आत येण्याची आहे. तरीही आपण मधून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका टाक्यापासून आरंभ करून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सुईवर एक वेढा घ्यायचा, अर्धे झाल्यावर तसेच एकेक टाके कमी करायचे. सगळ्या ओळी सुलट. यात कोपऱ्यावर उभा असलेला चौकोन तयार होतो आणि त्याच्या चारही कडांना फासांची माळ आपोआप राहते. त्या फासांतून टाके उचलून गोलाकार सुईवर लाटा विणायच्या. चौकोन किती मोठा करायचा हे हातातली लोकर पाहून ठरवता येते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. काठापासून आत येताना तो हिशेब आधीच करावा लागतो.

शेवटचे टाके मात्र नेहमीप्रमाणे बंद करू नका. बंद केलेली कड ताठ राहते आणि शाल ताणताना तीच आडवी येते. त्याऐवजी सुईवर काठासाठी थोडे नवे टाके घालावेत आणि काठाची पट्टी शालीला आडवी विणत जावी; पट्टीची दर दुसरी ओळ संपताना तिचा शेवटचा टाका आणि शालीचा एक टाका यांचा ‘दोनाचा एक’ करावा, म्हणजे दोन्ही टाके एकत्र विणून एक करावेत. अशा रीतीने शालीचे सगळे टाके काठात जिरतात आणि कड सैल राहते.

लोकरीबद्दल सांगायचे तर, तिथली दुपदरी ‘जंपर’ जाडीची लोकर 25 ग्रॅममध्ये साधारण 115 मीटर भरते. ती 4 मिलिमीटरच्या सुईवर घ्यावी. ॲक्रिलिक घेण्याचा मोह टाळावा. ते भिजवून ताणले तरी सुकल्यावर पुन्हा आक्रसते आणि जाळी मिटते.

उत्तर २ : जाळीकाम

वरील उत्तराशी मी सहमत आहे. टाक्यांच्या हिशेबाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जाळीकाम अर्धवट सोडणाऱ्या बहुतेक जणी इथेच थकतात.

‘ओल्ड शेल’मध्ये 18 टाक्यांचा एक घटक असतो आणि चार ओळींपैकी एकाच ओळीत नमुना असतो, बाकीच्या तीन साध्या. नमुन्याच्या ओळीत तीन वेळा दोनाचा एक, मग सहा वेळा ‘सुईवर लोकर घ्या, एक सुलट’, मग पुन्हा तीन वेळा दोनाचा एक. सहा टाके कमी झाले आणि सहा वाढले, म्हणजे संख्या 18च राहते. म्हणून नमुन्याची ओळ संपल्यावर मोजदाद करण्याऐवजी विणीकडे पाहावे. सहा भोके पंख्यासारखी उघडलेली दिसली पाहिजेत, आणि दोन पंख्यांच्या मध्ये सहा जोड टाके दाटीने एकमेकांवर झुकलेले. भोके पाचच दिसली तर तिथे लोकर घ्यायची राहिली आहे. पुढच्या साध्या ओळीत त्याच जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचलून घेतला की काम भागते, उसवावे लागत नाही. प्रत्येक 18 टाक्यांनंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा फास खुणेसाठी अडकवा, म्हणजे चूक कोणत्या घटकात आहे ते लगेच कळते.

तासाभराने उठायचे आहे, तर उठण्याची जागाही ठरलेली असावी : नमुन्यानंतरची पहिली साधी ओळ पूर्ण झाली की मगच काम खाली ठेवावे. चारपाच लाटांनंतर त्याच ओळीच्या टाक्यांतून, बोथट सुईने, गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवावा. पुढे काही बिघडलेच, तर तिथपर्यंतच उसवते. शेटलंडची लोकर खवल्यांमुळे एकमेकींना धरून राहते, त्यामुळे सुटलेला टाका रेशमासारखा भराभर खाली पळत नाही, हाही एक दिलासा आहे.

एक गोष्ट आपल्या गावाची म्हणून सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हिवाळ्यासाठी घड्याळे तासभर मागे जाण्यापूर्वी, तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो. आपल्या त्या शांत वेळेचा बराचसा भाग दिव्याखालीच जाणार. तेव्हा मधल्या चौकोनाला काळी किंवा गडद तपकिरी लोकर घेऊ नये. पांढरी किंवा फिकट करडी घ्यावी आणि विणताना मांडीवर गडद कापड पसरावे, म्हणजे भोके स्पष्ट दिसतात. गडद रंग लाटांसाठी राखून ठेवता येतील. हॅपमध्ये मेंढीच्या नैसर्गिक रंगांच्या छटा एकीत एक मिसळत नेण्याची रीतच आहे, आणि ती अतिशय देखणी दिसते.

शरदसकाळ

दोघींचेही मनापासून आभार. मधूनच सुरुवात करते. अजून एक विचारते : शाल ताणायची लाकडी चौकट माझ्याकडे नाही. त्यावाचून भागेल का?

उत्तर ३ : लडी

चौकटीवाचून नक्की भागेल, ताणण्यावाचून मात्र भागणार नाही. सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेली, लहानखुरी दिसते. ते पाहून निराश होऊ नका. कोमट पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य साबण घालून शाल अर्धा तास न चोळता भिजू द्यावी. पिळू नये, जाड टॉवेलात गुंडाळून वर दाब द्यावा. मग रिकाम्या पलंगावर चादर अंथरून आधी चार कोपरे, नंतर प्रत्येक बाजूचा मध्य आणि शेवटी काठाचा एकेक दात न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून टोचावा. दात टोकदार होतात ते इथेच. पूर्ण सुकेपर्यंत टाचण्या काढू नयेत. तिथल्या दमट हवेत त्याला दोन दिवसही लागू शकतील.

टोचण्याबद्दल : या लोकरीतले कताईचे तेल धुण्यात निघून जाते, तंतू फुलतात आणि शाल हाताला बरीच मऊ लागते. तरी लोकर ती लोकरच. आपल्याकडच्या घोंगडीइतकी ती मुळीच भरड नाही, पण मेरिनो मेंढीच्या लोकरीइतकी मुलायमही नाही. सर्व लोकर घेण्यापूर्वी तळहाताएवढा तुकडा विणून, धुऊन आईंकडे पाठवावा आणि त्यांनी तो दिवसभर मानेजवळ ठेवून पाहावा. टोचलाच, तर न आक्रसण्याची प्रक्रिया न केलेली मेरिनो घ्यावी, कारण प्रक्रिया केलेल्या लोकरीत ताण टिकत नाही.

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत शाल रोज अंगावर राहील. नंतर ती ठेवण्यापूर्वी धुऊनच ठेवायला सांगा, कारण कसर लागते ती मळलेल्या लोकरीला आधी. खुंटीला किंवा हँगरला टांगू नये, जाळी खाली ओढली जाते. जुन्या सुती साडीत घडी करून ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी एकदा उन्हात झटकून घ्यावी.